सीएनसी राऊटरचा कंट्रोलर बसवताना : वेंगुर्ल्याच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

काम : लाकूड कोरायच्या तीन अक्षांच्या राऊटरला जीआरबीएल १.१ (आज्ञा वाचून मोटर हाकणारे सॉफ्टवेअर) चालवणारा आर्डुइनो उनो कंट्रोलर बसवणे आणि लॅपटॉपवरच्या युनिव्हर्सल जी-कोड सेंडरमधून (पुढे फक्त 'सेंडर') त्याची मांडणी करणे. माल : पाट, चौरंग, देवघराच्या जाळ्या, सावंतवाडीच्या खेळण्यांचे सुटे भाग. लाकूड : शिवण, फणस, आंबा.

यंत्र : एक्स ६०० मिमी, वाय ९०० मिमी, झेड १२० मिमी. एक्स आणि वायला १६ मिमी व्यासाचा, १० मिमी पिचचा बॉलस्क्रू. झेडला ५ मिमी पिच. वायला दोन्ही बाजूंना स्क्रू आहेत, पण ते टायमिंग बेल्टने जोडून एकाच मोटरवर घेतले आहेत, कारण कंट्रोलर तीनच अक्ष हाकतो. मोटर नेमा २३, ड्रायव्हर डीएम५४२, पुरवठा ३६ व्होल्ट. स्पिंडल २.२ किलोवॅट, ४०० हर्ट्झला मिनिटाला २४,००० फेरे, व्हीएफडीवर (वेग बदलणारा वीजपुरवठा).

नियम एकच ठरला आहे : सेटिंगच्या तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहायचे. स्क्रूच्या पिचमधून, ड्रायव्हरच्या स्विचवरून, डायल गेजवरून, कुठूनही असो. दुसऱ्याच्या यंत्राचा तक्ता उचलून टाकायचा नाही. नोंदीत आकडे देवनागरी आहेत, पण कन्सोलमध्ये इंग्रजी आकडेच टाकावे लागतात.

१० मे

बोर्ड लॅपटॉपला जोडला. बोर्डावर सीएच३४० चिप आहे, तिचा ड्रायव्हर विंडोजवर आधी घालावा लागला. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, मात्र वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल तर पोर्ट दिसतो आणि उघडत नाही. बॉड रेट ११५२००. जोडल्यावर स्वागताची ओळ आली, '$$' टाकल्यावर मूळ सेटिंगची यादी आली, प्रत्येक सेटिंगला $ आणि एक आकडा असे नाव. ती जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवली. पुढे काही बिघडले तर कुठून निघालो ते कळायला हवे.

लक्षात ठेवायची गोष्ट : सेंडर पोर्ट उघडतो तेव्हा उनो रीसेट होतो. म्हणजे मध्येच 'डिस्कनेक्ट' करून पुन्हा 'कनेक्ट' केले की यंत्र स्वतःची जागा विसरते. काम चालू असताना त्या बटणाला हात लावायचा नाही.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवण्याची सोय असते, ती बंद केली. लॅपटॉपचा स्लीपही बंद.

जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. सिमेन स्वाले स्कोगस्रूड यांनी २००९ मध्ये ते सुरू केले आणि पुढे सुंगयुन जिऑन यांनी वाढवले. सगळी सेटिंग बोर्डातल्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) राहतात, लॅपटॉपमध्ये नाही. लॅपटॉप बदलला तरी यंत्र तेच राहते, आणि बोर्ड बदलला तर लॅपटॉप तोच असूनही सगळे पुन्हा भरावे लागते. नव्या मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो.

१३ मे

ड्रायव्हरची जोडणी. पल्स आणि दिशा यांच्या उणे तारा एकत्र करून बोर्डाच्या ग्राउंडला, अधिक तारा पिनांना. पल्स पिन २, ३, ४ आणि दिशा ५, ६, ७. अशी जोडणी असल्यामुळे $२ (पल्स उलटवायची सेटिंग) शून्यच राहतो. अधिक तारा एकत्र करून ५ व्होल्टला दिल्या असत्या तर $२=७ करावे लागले असते. दोन्ही रिती चालतात, पण अर्धी एक आणि अर्धी दुसरी केली की कुठला अक्ष का उलटा वागतोय ते शोधत बसावे लागते.

डीएम५४२ ला किमान २.५ मायक्रोसेकंदांची पल्स लागते. $० (पल्सची लांबी) मूळचा १० आहे, तो तसाच ठेवला.

प्रवाह : मोटर ३ अँपिअरची, स्विच २.८४ अँपिअर शिखर प्रवाहावर. चौथा स्विच मोटर थांबल्यावर अर्धा प्रवाह देण्याच्या बाजूला. मग $१=२५५ केले, म्हणजे मोटर कधीच सैल सुटत नाही. मूळचा २५ ठेवला आणि सक्षम करायची पिन जोडलेली असली तर थांबल्यानंतर २५ मिलिसेकंदांनी प्रवाह तुटतो आणि झेडवरचा जड स्पिंडल आपल्याच वजनाने खाली सरकू शकतो. सक्षम करायची पिन ड्रायव्हरला जोडलेलीच नाही. जोडली नाही तर डीएम५४२ चालूच राहतो, आपल्याला तेच हवे आहे.

मायक्रोस्टेप : फेरीला १६०० पल्स. हा आकडा ठरवताना ३२०० चा मोह होतो, कारण 'जास्त बारीक म्हणजे जास्त अचूक' असे वाटते. हिशोब करून पाहावा. ६००० मिमी/मिनिट म्हणजे सेकंदाला १०० मिमी. १६०० पल्स आणि १० मिमी पिच म्हणजे मिमीला १६० पल्स, सेकंदाला १६,०००. तेच ३२०० वर सेकंदाला ३२,००० होतात, आणि उनोवरचा जीआरबीएल साधारण ३०,००० च्या पुढे जात नाही. पिचच्या आणि लाकडाच्या मानाने ०.००६ मिमीचा टप्पा पुरून उरतो.

भरलेले आकडे (मिमीला पल्स) : $१००=१६०, $१०१=१६०, $१०२=३२०.

१४ मे

दिशा तपासल्या. सेंडरच्या सेटअप विझार्डमध्ये प्रत्येक अक्ष थोडा पुढेमागे हलवून पाहता येतो. वाय उलटा गेला. $३=२ केले (एक्सचे वजन १, वायचे २, झेडचे ४, जे उलटवायचे त्यांची बेरीज). मोटरच्या एका कॉइलच्या तारा अदलाबदल करूनही हेच साधते, पण वायरिंग बदलण्यापेक्षा आकडा बदललेला बरा. तो तक्त्यात दिसतो, तार कुणाला दिसत नाही.

त्याच विझार्डमध्ये पुढची पायरी 'कॅलिब्रेशन' आहे : १०० मिमी हलवा, मोजा, आलेला आकडा टाका, तो मिमीला पल्स बदलून देतो. बेल्टच्या यंत्राला हे ठीक. बॉलस्क्रूच्या यंत्राला ही पायरी सोडून द्यायची. सी७ प्रतीच्या स्क्रूची चूक ३०० मिमीत ०.०५ मिमीच्या आसपास असते. व्हर्नियर धरून १०० मिमीला ९९.८ आले तर त्यातला बहुतेक भाग बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा सैलपणा) आणि मोजणाऱ्याचा हात यांचा असतो. तो १६० च्या जागी १६०.३ करून भरला तर ६०० मिमीवर जवळजवळ १.२ मिमीची खरी चूक आपणच यंत्रात घातली. १६० हा स्क्रू आणि स्विच यांचा भागाकार आहे, तो मोजून सुधारायचा आकडा नव्हे.

बॅकलॅश वेगळा मोजला. डायल गेज लावून एकाच दिशेने टेकवले, मग उलट हलवून सुई कधी हलते ते पाहिले. एक्स ०.०३, वाय ०.०६ मिमी. वायचा जास्त का, तर बेल्टचा ताण. बेल्ट ताणल्यावर ०.०४. जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही, त्यामुळे जे करायचे ते लोखंडातच करायला हवे.

१८ मे

लिमिट स्विच. इथे हवा खारट आहे, शिरोड्याची मिठागरे काही लांब नाहीत. साध्या मायक्रोस्विचच्या संपर्कावर दोन पावसाळ्यांत हिरवा थर चढतो. म्हणून इंडक्टिव्ह सेन्सर घेतले : बारा मिमी धाग्याचे, ४ मिमी अंतराचे, एनपीएन, सामान्यतः बंद प्रकारचे. हे सेन्सर दुकानात मागताना शेवटची अक्षरे पाहून घ्यावीत. 'एएक्स' म्हणजे सामान्यतः बंद, 'बीएक्स' म्हणजे सामान्यतः उघडा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सामान्यतः बंद का? तार तुटली, कनेक्टर गंजला, पुरवठा गेला, तर कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखे दिसते आणि यंत्र थांबते. उघड्या प्रकारात तीच तार तुटली तर काहीच कळत नाही, गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी कमान) जाऊन टोकाला आपटते तेव्हा कळते.

सेन्सर २४ व्होल्टवर चालतात, बोर्ड ५ व्होल्टवर. मध्ये ऑप्टोकपलर घातले. नेहमीच्या स्थितीत पिन खाली ओढलेली, सेन्सर लागला की वर. म्हणून $५=१.

पिनांचा एक सापळा : बाजारातल्या जुन्या शील्डवर झेडचा लिमिट पिन ११ वर छापलेला असतो. जीआरबीएल ०.९ पासून पिन ११ स्पिंडलच्या पीडब्ल्यूएमला (वेगाच्या इशाऱ्याला) गेली आणि झेडचा लिमिट पिन १२ वर आला. छापील नाव पाहून जोडले तर एक्स, वाय नीट चालतात आणि झेडचे होमिंग (स्विचपर्यंत जाऊन यंत्राने स्वतःची जागा धरणे) कधीच पुरे होत नाही. एक्सला ९, वायला १०, झेडला १२.

सेन्सरसमोर पाना धरून सेंडरच्या स्थितीपट्टीत अक्षराचा दिवा लागतो का ते तिन्हींसाठी पाहिले. हे केल्याशिवाय होमिंगची आज्ञा द्यायची नाही.

१९ मे

होमिंग. $२२=१. मूळ दिशा उजवी-मागची-वरची. आपल्याला समोरचा डावा कोपरा आणि झेड वर हवा, म्हणून $२३=३.

वेग : शोधताना $२५=१५००, नेमके टेकताना $२४=१००. प्रवास : $१३०=६००, $१३१=९००, $१३२=१२०.

$२७ (स्विच लागल्यावर मागे सरकायचे अंतर) मूळचा १ मिमी. त्यावर अलार्म ८ आला, म्हणजे मागे सरकूनही स्विच सुटला नाही. इंडक्टिव्ह सेन्सर लागतो एका अंतरावर आणि सुटतो त्याहून थोड्या जास्त अंतरावर, १ मिमी अपुरा पडतो. $२७=३ केल्यावर गेला. अलार्म ९ आला तर अर्थ वेगळा : शोधून शोधून स्विच सापडलाच नाही. जीआरबीएल प्रवासाच्या दीडपट अंतरापर्यंत शोधतो. $१३० आणि $१३१ मध्ये ६०० आणि ९०० ऐवजी चुकून २०० राहिले असतील तर ३०० मिमी जाऊन हात टेकतो, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो.

होमिंग झाल्यावर पडद्यावर एक्स −५९७, वाय −८९७, झेड −३. कोपऱ्यात शून्य हवे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. जीआरबीएल यंत्राचा सगळा अवकाश ऋण मानतो : एक्स −६०० ते ०. डाव्या टोकाला होमिंग केले की −६०० अधिक मागे सरकलेले ३. हे बरोबर आहे, याला हात लावायचा नाही. कामाचे शून्य जी५४ मध्ये वेगळे धरायचे.

मग सॉफ्ट लिमिट, $२०=१. होमिंग चालू नसताना हे टाकले तर एरर १० येतो, आधी $२२ हवा. सॉफ्ट लिमिट चालू झाल्यावर फाइल टेबलाबाहेर जात असेल तर अलार्म २ देऊन यंत्र थांबते, जागा मात्र शाबूत राहते. हार्ड लिमिट ($२१, सेन्सर लागताच थांबणे) तूर्त बंद, स्पिंडल चालू करून पाहिल्यावर लावायचा.

२३ मे

वेग आणि त्वरण. प्रत्येक अक्ष वेगळा. त्वरण कमी ठेवून वेग हजार-हजाराने वाढवत गेलो, मोटर रडून थांबते तो बिंदू पाहिला, मग साधारण पाव खाली आलो. एक्स ८००० वर सुटला, ६००० ठेवला. वाय दोन स्क्रू ओढतो, ५००० ठेवला. झेड २५००. त्वरण $१२०=३००, $१२१=२५०, $१२२=२००. मूळचे त्वरण १० आहे. ते विसरले तर यंत्र इतके सावकाश उचलते की मोटर कमजोर आहे असे वाटते.

पल्स हरवतात का ते पाहायची रीत : होमिंग, एका ठरावीक जागी डायल गेज शून्य, मग वीस मिनिटे उलटसुलट वेगवान हालचालींची फाइल, पुन्हा त्याच जागी. सुई ०.०१ च्या आत परतली. परतली नसती तर आधी कपलिंगचे स्क्रू, मग त्वरण.

२७ मे

स्पिंडल. पिन ११ वरचा पीडब्ल्यूएम छोट्या मॉड्यूलने ० ते १० व्होल्ट केला आणि व्हीएफडीला दिला. $३०=२४००० (कमाल फेरे).

$३१ (किमान फेरे) बद्दल नीट लिहून ठेवायला हवे. हा स्पिंडल ८००० फेऱ्यांखाली चालवायचा नाही, म्हणून $३१=८००० टाकायचा हे सरळ वाटते. पण जीआरबीएल $३१ ते $३० ही पट्टी पीडब्ल्यूएमच्या तळापासून माथ्यापर्यंत ताणतो. मग एस८००० ला (८००० फेरे मागणाऱ्या आज्ञेला) जवळजवळ शून्य व्होल्ट निघतात, व्हीएफडीला ते ० हर्ट्झ वाटते आणि स्पिंडल उभाच राहतो. एस१६००० मागितले तर निम्मे व्होल्ट, म्हणजे १२,००० फेरे. लाकूड जळते आणि दोष टूलला लागतो. व्हीएफडीची पट्टी शून्यापासून आहे, म्हणून $३१=०. किमान वेगाची मर्यादा व्हीएफडीच्याच मेनूत घातली.

तपासणी : एस१२००० ला पिनवर २.५ व्होल्ट, मॉड्यूलनंतर ५, व्हीएफडीवर २०० हर्ट्झ. मॉड्यूलचा पोटेंशिओमीटर याच बिंदूवर लावला. $३२ शून्यच. तो लेझरसाठी आहे आणि चालू राहिला तर स्पिंडलचा वेग मध्येच बदलू शकतो.

आणीबाणीचे बटण सॉफ्टवेअरमधून घेतले नाही. ते थेट कॉन्टॅक्टर पाडते आणि व्हीएफडी व ३६ व्होल्ट दोन्ही तोडते. पडद्यावरचे लाल बटण हे त्याला पर्याय नाही.

२८ मे

$२१=१ केले, स्पिंडल चालू केला, आणि अलार्म १. यंत्र जागचे हललेही नव्हते. स्पिंडल बंद असताना तासभर फिरवले तरी काही नाही.

शोध या क्रमाने : लिमिटच्या तिन्ही तारा बोर्डापाशी सोडल्या आणि पिना तिथेच ग्राउंडला टेकवल्या. स्पिंडल चालू, अलार्म नाही. म्हणजे बोर्ड ठीक, गडबड तारा पकडून आणतात. सेन्सरची केबल आणि स्पिंडलची केबल एकाच साखळी-पट्ट्यातून खेटून गेल्या होत्या.

उपाय, ज्या क्रमाने फरक पडला त्या क्रमाने. स्पिंडलची केबल शील्डची घेतली आणि तिचे शील्ड व्हीएफडीच्या अर्थला बांधले. सेन्सरच्या केबल वेगळ्या बाजूने नेल्या, त्यांचे शील्ड फक्त पेटीच्या टोकाला जोडले, सेन्सरच्या टोकाला मोकळे. ऑप्टोनंतर प्रत्येक पिनला ५ व्होल्टकडे १ किलो-ओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड. बोर्डाच्या आतला पुल-अप २० ते ५० किलो-ओहमचा, लांब तारेला तो फारच दुबळा. या जोडीने साधारण १०० मायक्रोसेकंदांचा गाळ बसतो, सुईसारखे खटके त्यात मरतात आणि सेन्सरच्या खऱ्या बदलाला त्याचा काही अडसर होत नाही.

यूएसबी केबल लांबलचक होती, ती एक मीटरची जाड शील्डची घेतली आणि दोन्ही टोकांना फेराइट. खटक्याने यूएसबी तुटली तर सेंडर काम सोडून देतो, टूल लाकडातच अडकून फिरत राहते.

अर्थिंग : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरवर ९ व्होल्ट. शेड जांभ्याच्या कातळावर आहे, खड्डा उथळ आणि मे महिन्यात आतून कोरडाठाक. मीठ-कोळसा पुन्हा भरून पाणी ओतले. रात्री ३ व्होल्ट. पेटीत सगळ्या अर्थ तारा एकाच पट्टीवर आणल्या, एकीवरून दुसरीवर अशा साखळीत नाहीत.

आता स्पिंडल चालू-बंद करून, व्हीएफडीचा वेग वरखाली करून अलार्म नाही. हार्ड लिमिट चालूच ठेवला.

९ जून

पाऊस लागला. वीज जाण्या-येण्याचा हंगाम सुरू, आणि आज या जोडणीतला सगळ्यात वाईट दोष दिसला.

वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच. उनोला वीज यूएसबीतून मिळते, म्हणून तोही चालूच. ड्रायव्हर मात्र मेले. सेंडर ओळी पाठवत राहिला, उनो पल्स देत राहिला, पडद्यावर टूल छान पुढे सरकताना दिसले आणि गॅन्ट्री जागच्या जागी. वीज परतताच ड्रायव्हर जागे झाले आणि जिथे होते तिथून पुढची वाट चालू लागले. कुठलाही अलार्म नाही, कारण कंट्रोलरच्या लेखी काहीच बिघडले नव्हते. पाटाची कड ४० मिमी आत कापली गेली.

उपाय : २३० व्होल्टच्या कॉइलचा छोटा रिले, कॉन्टॅक्टरनंतरच्या लाइनवर. त्याचा सामान्यतः बंद संपर्क पिन ए० आणि ग्राउंडमध्ये. वीज असते तोवर संपर्क उघडा. वीज गेली की बंद होतो, ए० खाली जाते, जीआरबीएल रीसेट होतो आणि हालचाल चालू असेल तर अलार्म ३ देतो : जागेची खात्री नाही. ३६ व्होल्टच्या पुरवठ्यात थोडा दम उरलेला असतो, त्याच्या आत किंवा आसपास रिले पडतो. आणीबाणीचे बटण दाबले तरी हाच रिले पडतो, हे आयतेच मिळाले. ए० च्या तारेलाही लिमिटसारखाच १ किलो-ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड.

यंत्र उभे असताना वीज गेली तर अलार्म ३ येत नाही, नुसता रीसेट होतो. पण तेवढ्यात मोटर सैल पडलेल्या असतात. म्हणून भिंतीवर लिहिले : वीज परतली की आधी '$एच' (होमिंग), मग बाकी सगळे. '$एक्स' टाकून कुलूप नुसते उघडायचे नाही. $एक्स अलार्म घालवतो, जागा परत आणत नाही.

होमिंगनंतर जी५४ ईईप्रॉममधून जसेच्या तसे परत येते. डायल गेजवर होमिंगची पुनरावृत्ती ०.०२ मिमीत आहे, त्यामुळे अर्धवट पाट त्याच जागेवरून पुढे नेता आला. ज्या गावात वीज जाते तिथे होमिंग सेन्सर ही चैन नव्हे.

१६ जून

प्रोब, म्हणजे टूलची उंची धरायची सोय. पिन ए५, खाली अॅल्युमिनियमची चकती, मायक्रोमीटरने १४.९० मिमी. जी३८.२ ने झेड खाली, वेग १००, टेकल्यावर जी१० एल२० पी१ झेड१४.९०. $६ शून्य. प्रोब करण्याआधी चकती हाताने टूलला लावून स्थितीपट्टीत 'पी' उजळते का ते बघायचे. चिमटा गंजलेला असेल तर टूल चकतीतून आरपार जायला बघते.

फणसाची फळी सकाळची आणि संध्याकाळची सारखी नसते, या दमट हवेत तर नाहीच. मेस्त्रींनी फळ्या रचताना मध्ये पट्ट्या घातल्या आहेत, तरी उंची प्रत्येक फळीवर नव्याने धरायची.

एक बारीक गोष्ट : जी१० आणि जी५४-जी५५ ची अदलाबदल ईईप्रॉमला हात लावते, आणि तेवढ्या वेळात बोर्ड सिरियलवरून येणारी अक्षरे गमावू शकतो. म्हणून शून्य धरायच्या या आज्ञा कोरीव कामाच्या फाइलच्या मध्ये ठेवायच्या नाहीत, कन्सोलमधून आधीच द्यायच्या.

२ जुलै

उठावाचे कोरीव काम : चौरंगाच्या पायाला कमळ. फाइलमध्ये वेग ३०००, यंत्र मात्र २५०० च्या आसपास आणि जरा कुरकुरत. मेस्त्रींचा प्रश्न सरळ : एक्स ६००० ला जातो तर इथे का नाही?

$१०=३ केले. आता स्थितीच्या ओळीत बफरचे दोन आकडे येतात : आधी नियोजनात किती जागा रिकाम्या, मग सिरियलमध्ये किती अक्षरे मोकळी. यंत्र निवांत असताना १५ आणि १२८. काम चालू असताना पहिला आकडा १५ च्या जवळ राहिला तर सेंडर किंवा केबल कमी पडते आहे. शून्याच्या जवळ राहिला तर माल भरपूर पोहोचतो आहे आणि अडचण पुढे आहे. इथे ० आणि १.

अडचण म्हणजे नजरेचा पल्ला. जीआरबीएल पुढच्या साधारण १५ तुकड्यांपर्यंतच पाहतो आणि त्यांच्या शेवटी थांबावे लागले तर थांबता येईल इतकाच वेग धरतो. फाइलमध्ये तुकडे ०.२ मिमीचे. १५ × ०.२ म्हणजे ३ मिमी. त्वरण ३०० धरून √(२ × ३०० × ३) म्हणजे सेकंदाला ४२ मिमी, मिनिटाला सुमारे २५४५. पडद्यावर दिसत होते तेच. मोटर, ड्रायव्हर, केबल यांत दोष नाही.

कॅमच्या (कोरायची फाइल बनवणाऱ्या) प्रोग्राममध्ये सहनशीलता ०.०१ वरून ०.०३ मिमी केली, तुकडे सरासरी ०.४ मिमीचे झाले, पल्ला ६ मिमी, मर्यादा ३६००. मग ३००० सहज मिळाले आणि कुरकुर गेली. फणसाच्या रेषेत ०.०३ मिमी कुणाला दिसणार आहे? उभ्या चढावर मात्र वेग पडतोच, तिथे झेडचे २५०० आणि त्याचे त्वरण आडवे येते. ते तसेच राहणार.

आकडे अगदी बारीक ठेवूनच काम करायचे असेल तर ३२-बिट बोर्ड घ्यावा, ग्रबलहॅल चालवणारा. त्यात नियोजनाच्या जागा जास्त असतात आणि $ चे आकडेही बहुतांशी हेच. पाट-चौरंगासाठी उनो पुरतो.

२१ जुलै

आठवडाभर संततधार. पेटी उघडली तर रिलेच्या टर्मिनलवर पांढुरका थर. पेटीला पंखा होता. बाहेरची खारी हवा तो आत ओढत होता. पंखा काढला, भोके बंद केली, ड्रायव्हर जाड अॅल्युमिनियमच्या पाट्यावर घेतले आणि पाटा पेटीच्या मागच्या बाजूने बाहेर काढला. मोटर थांबल्यावर अर्धा प्रवाह असल्याने उष्णता जेमतेम आहे. २४ व्होल्टचा पुरवठा रात्रीही चालू ठेवायचा, पेटी किंचित उबदार राहते आणि आत दव धरत नाही. सिलिका जेलची पुडी दर पंधरवड्याला तव्यावर तापवून परत.

वायचा सेन्सर मधूनच लागल्यासारखा दाखवत होता. सेन्सर चांगला निघाला. गोल कनेक्टरच्या आत पाणी गेले होते. सामान्यतः बंद प्रकार असल्यामुळे यंत्र नुसते थांबले, आपटले नाही. कनेक्टर बदलला, तोंड खालच्या दिशेला वळवले, केबलला कनेक्टरपाशी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळते.

अर्थ आणि न्यूट्रल : १ व्होल्ट. पावसात ही तक्रार उरत नाही. पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये मोजायचे.

४ ऑगस्ट

चतुर्थीच्या मखरांची कामे सुरू होण्याआधी दुसरा उनो तयार करून ठेवला. तोच जीआरबीएल १.१ चढवला, '$आय' टाकून आवृत्ती जुळते का ते पाहिले, मग जतन केलेला '$$' चा तक्ता एकेक ओळ करून पाठवला. एका दमात चिकटवायचा नाही, प्रत्येक ओळीला 'ओके' येऊ द्यायचे, कारण प्रत्येक ओळ ईईप्रॉममध्ये लिहिली जाते. $२२ आधी, $२० नंतर. यंत्र चालू असताना $ ची सेटिंग पाठवली तर एरर ८ येतो, थांबलेले असतानाच करायचे. जी५४ चे आकडे '$$' मध्ये नसतात, ते '$#' मधून वेगळे घ्यावे लागतात.

चढवलेला तक्ता, उगमासह :

$०=१० (ड्रायव्हरला २.५ पुरे), $१=२५५ (झेड पडू नये), $२=० (उणे तारा एकत्र), $३=२ (वाय उलटा), $५=१ (सामान्यतः बंद सेन्सर), $६=०, $१०=३, $११=०.०१० (मूळचा), $२०=१, $२१=१, $२२=१, $२३=३ (समोरचा डावा कोपरा), $२४=१००, $२५=१५००, $२६=२५० (मूळचा), $२७=३ (सेन्सरचा सुटण्याचा पल्ला), $३०=२४०००, $३१=० (व्हीएफडीची पट्टी शून्यापासून), $३२=०, $१००=१६०, $१०१=१६०, $१०२=३२० (१६०० भागिले पिच), $११०=६०००, $१११=५०००, $११२=२५०० (सुटण्याच्या बिंदूखाली पाव), $१२०=३००, $१२१=२५०, $१२२=२००, $१३०=६००, $१३१=९००, $१३२=१२०.

नवा बोर्ड बसवून होमिंग, −५९७, −८९७, −३. एस१२००० ला २०० हर्ट्झ. मुख्य स्विच पाडून अलार्म ३ आला. जुना बोर्ड परत लावला, नवा पुडीत घालून पेटीच्या दाराच्या आत, तक्त्याच्या छापील प्रतीसोबत. वायचा बेल्ट पुन्हा सैल वाटतो, डायल गेज लावून पाहणे बाकी.